वजाबाकीचे आठ आठवडे

दिवाळीच्या चार दिवसांसाठी पुण्याहून साताऱ्याला आलेली माझी लेक पुढचे अकरा महिने परत गेली नाही. २०२२ सालची ही गोष्ट. पाडव्याच्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तेव्हा ती गॅससमोर उभी होती. ओट्यावर पातेले, चहाचा डबा, साखर, आले, सारे मांडलेले होते; गॅस मात्र पेटलेला नव्हता. किती वेळ ती तशी उभी होती, कोण जाणे. मला पाहून अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, आधी काय घालायचं असतं?"

वाचकहो, ही मुलगी तेव्हा ३४ वर्षांची होती. हिशेब तपासणीच्या कामात दहा वर्षे मुरलेली, एका पैशाची चूक शोधण्यासाठी रात्र जागवणारी. चहा तर ती चौथीत असल्यापासून करत आली होती. मला वाटले, थट्टा करते आहे. मी हसले आणि म्हणाले, "बरं झालं सासरी नाही गेलीस!" ते वाक्य आज आठवले तरी माझी मान खाली जाते. ती मदत मागत होती, आणि मी विनोद केला.

मी गणिताची शिक्षिका. ३१ वर्षे हायस्कुलात शिकवले. विद्यार्थी मागे पडू लागला की त्याला अधिक उदाहरणे द्यायची आणि वेळापत्रक आखून द्यायचे, हा माझा हातखंडा उपाय. तोच मी घरी लावला. पहाटे सहाला उठवणे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत फिरायला नेणे, आल्यागेल्यांत बसवणे, दुपारी झोपू न देणे. "अंग हलवलं की मन हलकं होतं," असे मी तिला रोज ऐकवत असे. तिने प्रयत्न केला नाही असे नाही. दोन आठवडे ती निमूटपणे माझ्यामागून चालली. तिसऱ्या आठवड्यात तिला आंघोळीला जाणे अवघड वाटू लागले. बारा-बारा तास झोपूनही ती उठायची तेव्हा चेहरा आदल्या रात्रीपेक्षा ओढलेला दिसे.

जानेवारीत पुतण्याच्या मुलाचे बोरन्हाण आमच्याच घरी ठरले. वीस-पंचवीस बायका, तेवढीच मुले, बोरे आणि चुरमुऱ्यांवर पडलेली झुंबड, स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट. ती आतल्या खोलीत दार लावून बसली होती. लोक काय म्हणतील, या धाकाने मी तिला बाहेर आणले. "फक्त दहा मिनिटं बस," म्हणाले. ती पंचवीस मिनिटे बसली, सर्वांकडे पाहून हसलीही. पाहुणे गेले, आणि त्या संध्याकाळपासून पुढचे नऊ दिवस ती एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या उशीपाशी एक चिठ्ठी ठेवलेली सापडली. तिच्या सुबक अक्षरांत लिहिले होते: "रागावले नाही. आवाज संपला आहे."

गावातल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, सगळे ठीक निघाले. नंतर मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनी झोप सुधारली, शीण गेला नाही. त्यांनीच पुढे पुण्यातील एका मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. तीन भेटी झाल्या, माझ्याकडून तिच्या बालपणाची माहिती घेतली गेली, आणि मार्च २०२३ मध्ये कळले की माझी लेक स्वमग्न आहे. जन्मापासूनच. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात, ते.

मी हे मानायलाच तयार नव्हते. स्वमग्न मुले म्हणजे न बोलणारी, हात फडफडवणारी, एवढेच मला ठाऊक. माझी मुलगी वर्गात पहिली येत होती! मग एकेक आठवू लागले. फ्रॉकच्या गळ्याचे लेबल टोचते म्हणून रडून आकांत करणारी, सहलीहून आली की दोन दिवस तापाने फणफणल्यासारखी पडून राहणारी, वर्षानुवर्षे डब्यात दहीभातच नेणारी. ती स्वतः मला नंतर म्हणाली, "लोक हसले की मी मनात एक मोजते आणि हसते. डोळ्यांत बघवत नाही, म्हणून भुवयांकडे बघते." हा मुखवटा तिने इतका लवकर चढवला होता की मला तोच तिचा चेहरा वाटत होता.

मुलींच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. हुशार, शांत, शिस्तीची मुलगी म्हणून तिचे कौतुक होत राहते आणि त्या शिस्तीसाठी ती आतून काय मोजते, ते कुणाला दिसत नाही. मेंदूची घडण वेगळी असलेली व्यक्ती, मग ती स्वमग्न असो वा एडीएचडी असलेली, इतरांना आपोआप जमणाऱ्या गोष्टी विचार करून, ताकद लावून करत असते. गोंगाटात लक्ष ठेवणे, बोलण्यातला आडवा अर्थ ओळखणे, ऐनवेळी बदललेला बेत पचवणे, हे सारे. वर्षानुवर्षे असे चालले आणि आधार तोकडा पडला की एक दिवस सगळेच थांबते. यालाच बर्नआउट म्हणतात. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वमग्न प्रौढांशीच बोलून २०२० मध्ये या अवस्थेचे वर्णन मांडले. त्यात तीन खुणा मुख्य आहेत: दीर्घकाळ, बहुधा तीन महिने किंवा अधिक टिकणारी थकावट, आधी येत असलेली कौशल्ये हातून निसटणे, आणि आवाज, उजेड, स्पर्श, गर्दी सोसण्याची शक्ती घटणे. रोगांच्या अधिकृत यादीत या अवस्थेला अजून स्वतंत्र स्थान नाही, त्यामुळे पुष्कळदा तिला नैराश्य समजले जाते. दोन्ही एकत्र असूही शकतात, म्हणून निदान घरी करू नये. पण माझ्या लेकीच्या बाबतीत एक फरक मला मागाहून उमगला. तिला हवेसे वाटणे संपले नव्हते, फक्त झेपत नव्हते. नैराश्यात माणसाला हळूहळू कामाला लावणे उपयोगी पडते असे म्हणतात. तिला माझ्या वेळापत्रकाने अधिक खोल ढकलले.

आपल्या भाषेत शीण हा शब्द आहे. शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. समईतले तेल संपले की वात स्वतः जळू लागते, तसे काहीसे हे होते. त्या वर्षी तिचे तेल कशाने संपले, हेही आता दिसते. करोनाची दोन वर्षे ती घरून काम करत होती. २०२२ मध्ये मोठ्या उघड्या दालनात, साठ माणसांत बसणे पुन्हा सुरू झाले. माझा लग्नाचा लकडा चालूच होता. आणि २०२१ मध्ये तिचे वडील गेले होते. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

मानसशास्त्रज्ञांनी व्यवसायोपचाराचा सल्ला दिला, तेव्हा मला वाटले, आता हिला नवी नोकरी शोधून देणार असतील. व्यवसाय या शब्दाने बहुतेकांची अशीच फसगत होते. इथे व्यवसाय म्हणजे माणसाचा दिवस ज्या ज्या कृतींनी भरतो त्या सगळ्या: दात घासणे, भाजी चिरणे, गप्पा मारणे, झोपणे. या कृती पुन्हा शक्य व्हाव्यात म्हणून कृती, परिसर आणि सवयी यांत बदल करणारे हे शास्त्र. भारतातली या विषयाची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली, आणि ती सुरू केली कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नाने महाराष्ट्राच्या झालेल्या. आमच्या जिल्ह्यात फलटणला त्यांच्या नावाचे बालभवन आहे, तिथल्या शिक्षकांना मी एकदा भेटलेही होते. पण या बाईंनी देशाला काय दिले, हे कळायला लेक आजारी पडावी लागली.

आमच्या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाई वयाने लेकीएवढ्याच. पहिल्या भेटीत मी तक्रारींची यादी वाचू लागले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काकू, काय जमत नाही ते नंतर पाहू. जे जमतंय, ते तिला केवढ्याला पडतं, ते आधी बघू या."

एप्रिलमध्ये त्या एकदा साताऱ्याला आल्या आणि दोन तास आमच्या स्वयंपाकघरात नुसत्या बसून राहिल्या. हातात वही. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, ट्यूबलाइटच्या चोकची घरघर, पाण्याची मोटर, आरतीच्या चालीवर वाजणारी दारावरची घंटा, भांड्यांच्या मांडणीत आदळणारी ताटे, फोडणीचा ठसका, फरशीला लावलेले फिनेल, संध्याकाळचा धूप. दोन तासांत त्यांनी २६ नोंदी केल्या. माझे घर शांत आहे, अशी माझी समजूत होती. शेवटची नोंद होती दूरदर्शन संच: "आवाज ३८, कोणी पाहत नाही." मालिका मला सोबत म्हणून लागते, आणि आवाज मोठा लागतो कारण मला कमी ऐकू येते, हे त्या दिवशी मी प्रथम मान्य केले. पुढच्या आठवड्यात कान तपासले आणि यंत्र घेतले. उपचार तिचे, पण पहिले यंत्र माझ्या कानाला लागले.

"पहिले आठ आठवडे फक्त वजाबाकी," असे त्यांनी बजावले. काही वाढवायचे नाही, नवीन शिकवायचे नाही, प्रगती मोजायची नाही. मला हे फार जड गेले. आम्ही घंटा काढली, दारावर पाटी लावली. ट्यूबच्या जागी पिवळसर मंद दिवा आला. ताटांखाली जुने सुती कापड अंथरले. डाळ भिजवून पातेल्यात शिजवू लागले. कुकर लावायचाच झाला तर आधी सांगायचे, म्हणजे ती गच्चीवर जाई. पाहुण्यांना मी फोनवरच सांगू लागले की सध्या येऊ नका. दोघी-तिघी दुखावल्या, एकीने अजून अबोला धरला आहे. आणि सर्वांत अवघड वजाबाकी माझ्या प्रश्नांची. "काय खाशील? बरं वाटतंय का? काय विचार करतेस?" दिवसाला किती प्रश्न विचारता ते मोजा, असे बाईंनी सांगितले होते. मी ४१ पर्यंत मोजले आणि वही मिटली. त्यानंतर दोनच पर्याय कागदावर लिहून ठेवायचे, भात की पोळी. तिने बोट ठेवायचे.

आंघोळीचे उदाहरण मुद्दाम सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घरी वृद्ध आई-वडिलांच्या बाबतीत हाच प्रश्न असतो. आंघोळ ही आपल्याला एक कृती वाटते. बाईंनी लेकीला तिचे टप्पे लिहायला सांगितले, ते १७ निघाले: कपडे निवडणे, पाणी तापले का पाहणे, गार फरशीवर पाय ठेवणे, ओल्या अंगावर वारा लागणे, केस पुसणे आणि पुढचे सारे. गणित शिकवून जन्म गेला माझा, पण हे मोजावे असे मला कधी सुचले नव्हते. मग प्रत्येक टप्पा हलका करायचा. कपडे आदल्या रात्री काढलेले, बादली मी भरून ठेवलेली, बसायला चौरंग, पायाखाली रबरी चटई, मऊ जुना टॉवेल. एक दिवस आंघोळ, एक दिवस ओल्या कपड्याने अंग पुसणे. केस तिने आखूड कापून घेतले. तिसऱ्या आठवड्यात ती आपणहून गेली.

भुकेचेही तसेच. शरीराच्या आतून येणाऱ्या खुणा, भूक, तहान, लघवीची जाणीव, ओळखणारी एक आंतरिक संवेदना असते आणि अनेक स्वमग्न व्यक्तींना तिचे निरोप उशिरा किंवा अस्पष्ट पोचतात. आपल्या वयात तहान लवकर कळत नाही म्हणून डॉक्टर घड्याळ पाहून पाणी प्यायला सांगतात ना, तसेच तिचे जेवण घड्याळावर लावले. भूक लागली का, हे विचारायचेच नाही.

मग शरीराला शांत करणारे उपाय आले. अंगावर सर्वत्र पडणारा सारखा दाब आणि स्नायूंना पडणारा जोर काहींना स्थिर करतो, त्यासाठी बाजारात वजनदार पांघरुणे मिळतात. बाईंनी आमच्या कपाटातली सासूबाईंनी शिवलेली, सात लुगड्यांची जाड गोधडी पाहिली आणि म्हणाल्या, "हीच द्या." (अशक्त वृद्धांना किंवा श्वासाचा त्रास असलेल्यांना असे जड पांघरूण विचारल्याशिवाय घालू नये.) माजघरातला झोपाळा, जो मी अडगळ म्हणून काढणार होते, तिच्या संध्याकाळचा आधार झाला. एका लयीत, मागे-पुढे, पंधरा मिनिटे. दहाव्या आठवड्यापासून कणीक मळणे. सर्वांना हेच मानवेल असे नाही. झोपाळ्याने एखाद्याला भोवळही येते. म्हणून तर तज्ज्ञ लागतात.

आणि तिकिटे. तिचे वडील पोस्टमास्तर होते. त्यांनी जमवलेली टपाल तिकिटे तीन पेट्यांत पडून होती. मे महिन्यात ती पेट्या उघडून जमिनीवर तासन् तास तिकिटे लावू लागली. २१ नोव्हेंबर १९४७ चे, तिरंगा आणि 'जय हिंद' असलेले साडेतीन आण्यांचे तिकीट सापडले, त्या दिवशी ती माझ्याशी सलग दहा मिनिटे बोलली. लहानपणी हाच नाद मी "अभ्यास सोडून हे काय?" म्हणून बंद केला होता. बाईंनी मात्र तिच्या तक्त्यावर त्या तासापुढे अधिकचे चिन्ह काढले. बाकी सर्व कृती शक्ती खर्च करत होत्या, ही भरत होती.

त्या तिकिटांच्या पाकिटांवर यजमानांच्या हातच्या नोंदी होत्या. वाचता वाचता मला आमचा संसार निराळा दिसू लागला. घरात लग्नकार्य झाले की हे दुसऱ्या दिवशी शेतावर निघून जात आणि दोन दिवस येत नसत. आम्ही त्याला रुसणे म्हणत होतो. जेवताना कुणी बोललेले त्यांना चालत नसे. लेक आणि ते संध्याकाळी झोपाळ्यावर तास-तासभर न बोलता बसत, आणि मी आतून म्हणत असे, "दोघं मुकी झाली का?" गेलेल्या माणसाचे निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण ते गेले तेव्हा तिचा असा एक सोबती गेला, ज्याच्यापुढे तिला हसण्याआधी मोजावे लागत नव्हते. हे मला दोन वर्षे कळले नाही. तुमच्या घरात 'लहरी', 'एकलकोंडा' म्हणून ओळखले जाणारे कुणी सत्तरीचे असेल, निवृत्तीनंतर किंवा मुलाच्या शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर एकाएकी मिटले असेल, तर त्यांच्या खोलीत दोन तास नुसते बसून, काय काय ऐकू येते ते लिहून पाहा.

सगळे सरळ झाले नाही. जूनमध्ये एका सकाळी तिला छान वाटले आणि तिने पूर्ण माळा आवरून काढला. मी आनंदाने शेजारी सांगून आले. पुढचे पाच दिवस ती अंथरुणावर होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी नियम दिला की बरे वाटेल त्याच दिवशी जास्त सांभाळायचे, आणि काम थोडे शिल्लक असतानाच थांबायचे. सकाळ-संध्याकाळ शक्तीला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. चारच्या खाली असेल तर त्या दिवसातली दोन कामे खोडायची. जुलैपासून दिवसाला अर्धा तास हिशेबाचे काम, मग एक तास. सप्टेंबर २०२३ मध्ये ती पुण्याला परतली.

जुन्या कार्यालयाकडे तिने कोपऱ्यातली जागा, कानावर आवाज रोखणारे हेडफोन आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम, एवढेच मागितले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि वाजवी सोयींची कल्पनाही आहे. पण तिथे ते जमले नाही. तिने नोकरी सोडली. आता एका लहान कार्यालयात आठवड्यातून चार दिवस जाते, पगार पूर्वीपेक्षा कमी. लग्नाचा विषय मी काढत नाही. २०२४ मध्ये आर्थिक वर्ष संपताना पुन्हा घसरण सुरू झाली होती, पण या वेळी तिला स्वतःलाच खुणा ओळखता आल्या आणि तीन आठवड्यांत सावरली.

एक सूचना मात्र न चुकता पाळावी. रुग्णाने खाणेपिणे सोडले, हालचाल थांबली, किंवा जगणे नको असे बोलणे सुरू झाले, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेलिमानस ही शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

बाईंनी निरोप घेताना मलाही तोच तक्ता दिला होता. मी म्हणाले, "मला काय झालंय?" त्या म्हणाल्या, "आठ महिने तुम्ही कुठे बसलात, सांगा बरं." मला आठवेना. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मायलेकी एकमेकींना फक्त एक आकडा पाठवतो. गेल्या रविवारी तिचा सहा होता. मी तीन लिहिले, कारण आदल्या दिवशी चकलीची भाजणी करून कंबर धरली होती. पाच मिनिटांनी तिचा फोन आला. फोनवर बोलणे तिला अजून आवडत नाही, तरी आला. म्हणाली, "आई, दोन कामं खोड. कुठली, ते मी विचारत नाही."